देवाची उजवी बाजू

रविवारी सकाळी सव्वानऊला रवळनाथाच्या खांद्यावरची झेंडूची ओली पाकळी सुटली, देवाच्या पोटावरून घसरली आणि ताम्हनात पडली. पाठोपाठ स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. शशिकांतांनी चष्मा सारखा केला, पडलेल्या पाकळीकडे पाहिलं, मग न पडलेल्या पाकळीकडे पाहिलं, आणि डॉक्टरांनी वाईट रिपोर्ट वाचावा तशा आवाजात म्हणाले,

"उजवी."

"येस्स!" हिमानीने टाळी वाजवली. मग देवासमोर आहोत हे आठवून तिने त्याच टाळीचा नमस्कार केला.

अंबरनाथ पश्चिमेच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शहाऐंशी सालापासून हेच चालत आलं होतं. गावच्या रवळनाथासारखी हातभर उंचीची काळ्या दगडाची मूर्ती शशिकांतांनी खास घडवून आणली होती. गावी देवाला तांबड्या कळ्या लावतात, इथे स्टेशनबाहेरच्या फुलवाल्याचा झेंडू. दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मोठ्याने प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दोन्ही एकदम खाली आल्या, तर देव म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. तसं एकदाच झालं होतं, फ्रिज लाल रंगाचा घ्यावा का या प्रश्नाला. शशिकांत तेव्हा इतके गोंधळले की फ्रिजच दोन वर्षं लांबला.

आजचा प्रश्न फ्रिजचा नव्हता. चोवीस वर्षांची हिमानी बदलापूरच्या एका औषध कंपनीत केमिस्ट होती. तिथे तिला कायम करायचं पत्र आलं होतं, सोमवारी सही करून द्यायची. आणि त्याच सोमवारी पुण्याच्या कीर्तनशाळेत प्रवेश घ्यायची शेवटची तारीख होती. दोन वर्षं, तिथेच राहून. हिमानीला कीर्तनकार व्हायचं होतं.

महिनाभर घरात जे चाललं होतं ते शेजारच्या दोन्ही फ्लॅटना पाठ झालं होतं.

"आजोबा, बोलला ना देव?" हिमानी म्हणाली.

"बोलला." शशिकांत पाटावरून उठले. गुडघा कुरकुरला. "माझा शब्द म्हणजे शब्द. जा."

"पण चेहरा का असा केलात?"

"चेहऱ्याबद्दल कौल लावला नव्हता."

*

शशिकांतांचं दुःख समजून घेण्यासारखं होतं. बावन्न वर्षं ते कीर्तन ऐकत आले होते. बुवा चुकले तर पहिल्या रांगेतून खाकरायचा मान त्यांना होता. पूर्वरंग संपला, बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्का लागला, की उत्तररंगात कुठलं आख्यान येणार हे ते आधीच सांगत आणि बरोबर निघे. रसायनाच्या कारखान्यात ते शिफ्टचे अधिकारी होते, तेव्हाही चैत्रातल्या नऊ दिवसांच्या रजेचा अर्ज त्यांनी जानेवारीतच देऊन ठेवलेला असे. हिमानी चार वर्षांची असल्यापासून तिला मांडीवर घेऊन कीर्तनाला नेणारे तेच.

"मी ऐकायला नेत होतो!" ते आता सोफ्यावर बसून मुलाला सांगत होते. "मुलीला सर्कशीला नेलं म्हणून ती काय झोपाळ्यावर लोंबकळणार आहे?"

"मी तुम्हाला तेव्हाच म्हणत होतो," यज्ञेश म्हणाला. शशिकांतांचा हा एकुलता एक मुलगा कल्याणच्या पतपेढीत बी.कॉम.च्या जोरावर लागला आणि तिथेच टक्कल पाडून बसला होता. "कीर्तनाला दक्षिणा मिळते, बाबा. पीएफ मिळत नाही. उद्या कोणी स्थळ घेऊन आलं की विचारणार, मुलगी काय करते? सांगायचं, चिपळ्या वाजवते."

"वाजवते त्याला काय झालं?" दारातून आवाज आला.

शशिकांतांचा धाकटा भाऊ दिनानाथ चप्पल काढत होता. उल्हासनगरच्या कॅम्प तीनला त्याचा जीन्स शिवायचा कारखाना होता, आणि कौल असला की तो शेअर रिक्षाने उल्हासनगरहून यायचाच. देवासाठी नाही, करमणुकीसाठी. "माझ्याकडे दिवसभर चाळीस मशिनी वाजतात, कोणी हार घालतं का मला? काय लागला निकाल, हिमा?"

"हो म्हणाला, दिनूआजोबा!"

"वा रे साईं!" सिंध्यांच्या गल्लीत छत्तीस वर्षं काढल्यावर दिनानाथच्या तोंडी देवसुद्धा साईं झाला होता. "देव शहाणा झाला म्हणायचा. दादा, पेढे काढ."

"पेढे नाहीत," शशिकांत म्हणाले. "मी नाही येईल असं धरून आणलेच नव्हते."

आतून हिमानीची आई संजीवनी पोह्यांच्या बशा घेऊन आली. ती या प्रकरणात कुठल्याच बाजूला नव्हती, म्हणजे दोन्ही बाजूंवर चिडलेली होती. लेकीने नोकरी सोडू नये असं तिला वाटत होतं, आणि ते नवऱ्याने म्हणू नये असंही वाटत होतं.

"झालं ना आता?" तिने बशी यज्ञेशपुढे आपटली. "देवाने सांगितलं, संपलं. माझ्या माहेरी आम्ही असले प्रश्न एकमेकांना विचारायचो. वेडी माणसं."

देव्हाऱ्याजवळ कुमुदिनीबाई खाली बसून तांदूळ निवडत होत्या. शशिकांतांची बायको, या घरातली सगळ्यात मोठी बाई. नातीच्या बाजूने त्या महिनाभर एक अक्षर बोलल्या नव्हत्या, विरुद्धही नाही. आता नुसतं एवढंच म्हणाल्या,

"महिपतीभाऊ येतील आता जेवायला. ती दुसरी पाकळी काढू नका कोणी, त्यांना दर्शन घेऊ दे."

*

महिपती गुरव म्हणजे गावच्या रवळनाथाचे पुजारी. ऐंशी वर्षांचा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच मुंबईच्या बाजूला आला होता, तोही मोतीबिंदू काढायला. बदलापूरला लेकीकडे, विठाकडे उतरला होता. विठाने त्यांना रिक्षातून आणून सोडलं आणि बाजारात गेली. तीन जिने चढून ते वर आले तेव्हा डोळ्याला काळा चष्मा, अंगात नवा सदरा आणि तोंडात पहिलाच प्रश्न होता, "तुमच्या देवळाक लिफ्ट नाय?"

सगळे हसले. शशिकांतांनी पाय धुवायला पाणी दिलं. महिपती थेट देव्हाऱ्यापुढे गेले, काळा चष्मा कपाळावर सरकवला, हात जोडले आणि मूर्तीकडे नव्या डोळ्याने बराच वेळ पाहिलं.

"कौल लावलास?"

"हो. सकाळीच," शशिकांत म्हणाले. "आमच्या हिमानीचा. नोकरी सोडून कीर्तन शिकायला जावं का, म्हणून विचारलं."

"बरा झाला." महिपतींनी समाधानाने मान हलवली. "चेडू शाण्या घरातला. देवान नको म्हटल्यान, बरा केल्यान. नोकरी कोण सोडता आजकाल?"

"नको नाही," हिमानी म्हणाली. "हो म्हणालाय देव. उजवी पडली."

"खंय उजवी? उजवी हीच मगे ऱ्हवली हा." महिपतींनी बोट केलं. पाकळी जिथे चिकटलेली होती, त्या खांद्याकडे. "पडली ती डावी."

"महिपती, तुझा डोळा परवाच कापलाय," शशिकांत मोठ्या माणसाच्या समजुतीने म्हणाले. "हे बघ. माझा उजवा हात हा. या बाजूची पाकळी पडली."

"तुझो उजवो हात कित्याक?" महिपती खरोखरच गोंधळले. "कौल कोणाचो? तुझो काय देवाचो? देव तुझ्याकडे तोंड करून बसलो हा. तेचो उजवो हात त्या बाजूक. आमी देवाच्या कडेक उभी ऱ्हवतव आणि उजवो म्हणतव, तो देवाचो उजवो."

खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिचे किकचे आवाज वर येत होते.

"मी लहानपणी मागे उभा असायचो," शशिकांत हळू म्हणाले. "पुढे मोठी माणसं. पाकळी कधी दिसायचीच नाही. तू नुसता ओरडायचास, उजवोऽऽ. मी म्हटलं उजवी म्हणजे..." त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हा हात आपला नसून कोणीतरी सांभाळायला दिलेला आहे, असं.

"म्हणजे किती वर्षं असो लावतंस?"

"शहाऐंशीपासून."

"रवळनाथा!" महिपती मटकन पाटावर बसले.

*

पहिला सावरला तो यज्ञेश. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच देव आपल्या बाजूने दिसत होता, आणि तो ही संधी सोडणार नव्हता.

"ऐकलंस ना, हिमा? देव नाही म्हणतोय. आणि हे मी नाही, खुद्द गुरव सांगतायत. उद्या जायचं आणि त्या पत्रावर सही करायची."

"थांबा," संजीवनी म्हणाली.

तिने हातातली बशी खाली ठेवली. तिच्या आवाजात इतकी शांतता होती की दिनानाथने पोह्यांचा घास तोंडापाशीच थांबवला.

"नव्याण्णव साली, मला बघून गेल्यावर, तुम्ही कौल लावला होता. ही मुलगी करावी का. उजवी पडली म्हणून लग्न झालं. बरोबर?"

यज्ञेशला पुढचं दिसलं, पण उशिरा दिसलं.

"कुठली उजवी, यज्ञेश?"

"अगं, ते आता..."

"म्हणजे देव नको म्हणत होता." संजीवनी पदराने चेहरा पुसायला लागली. रडते आहे असं वाटून कुमुदिनीबाई अर्ध्या उठल्या, पण ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत. "सव्वीस वर्षं मला वाटायचं या घरात माझी काळजी कोणालाच नाही. एक जण होता की! दगडाचा होता म्हणून ऐकू आलं नाही."

"मग जुनीच पद्धत बरोबर आहे!" यज्ञेशने बाजू बदलली. "बाबा, आपली चाळीस वर्षांची परंपरा आहे. प्रत्येक गावाची वेगळी रीत असते. अंबरनाथची आपली अशी आहे."

"म्हणजे हिमाला जाऊ दे?" दिनानाथने विचारलं.

यज्ञेश बशीतले शेंगदाणे बाजूला काढायला लागला. त्याच्या डोक्यात चौऱ्याण्णव साल आलं होतं. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं पत्र, डाव्या बाजूला पडलेली पाकळी, आणि बाबांचं वाक्य, की देवाला तू डोळ्यासमोर हवा आहेस. म्हणजे देव सांगलीला जा म्हणत होता. नवी पद्धत धरली तर इंजिनिअर व्हायला हवं होतं, पण मग बायको नव्हती. जुनी धरली तर बायको होती, पण मुलगी चिपळ्या घेऊन चालली होती. माणसाला एवढं एकदम देऊ नये.

दिनानाथला मात्र मनापासून मजा येत होती. "माझं सांग दादा. एकोणनव्वद साली सरकारी कारखान्याचं बोलावणं आलं होतं मला. तू कौल लावलास, डावी पडली. मी रडलो होतो, आठवतं? मग कॅम्प तीनला वासवानींच्या पडवीत तीन जुन्या मशिनी घेऊन बसलो. म्हणजे देवाने मला सरकारी नोकरी दिली होती आणि तू ती मध्येच कापून घेतलीस!"

"तुला काय कमी पडलं?" शशिकांत उसळले. "स्वतःचा कारखाना आहे!"

"तेच म्हणतोय. देवाचं ऐकलं असतं तर आज पेन्शनीत असतो. तू चुकलास म्हणून माणसात आलो." दिनानाथने वाकून भावाला नमस्कार केला. "दादा, माझा देव तूच."

"दिनू, चेष्टा पुरे."

"बरं, मग ठरव. महिपतीभाऊ बरोबर असतील तर हिमा जात नाही, तुझ्या मनासारखं होतं. पण मग तू आयुष्यभर घराला उलटं हाकलंस. महिपतीभाऊ चुकत असतील तर तू बरोबर, पण हिमा गेली."

शशिकांतांनी सगळ्यांकडे पाहिलं. त्यांना नात घरात हवी होती. तिच्या पगारासाठी नाही, संध्याकाळी सातला तिच्या चपलांचा आवाज जिन्यात यायचा त्यासाठी. एक शब्द बोलला की ती राहत होती. पण तो शब्द बोलण्यासाठी अडतीस-एकोणचाळीस वर्षं स्वतःच्या हाताने पुसावी लागत होती. ते शिफ्टचे अधिकारी होते. आपलं रीडिंग चुकलं असं त्यांनी लॉगबुकात एकदाही लिहिलं नव्हतं.

"महिपती चुकतोय," ते म्हणाले. "डोळा अजून बसलेला नाही त्याचा. उजवीच पडली आहे. हिमानी जाईल."

"मी चुकतंय?" साठ वर्षं रवळनाथाला हात लावणारे महिपती उभे राहिले. "अरे, मी आंधळो होतंय तेवासुदीक देवाची उजवी सोडूक नाय!"

"काका, बसा," संजीवनी म्हणाली. "तुम्ही माझ्या बाजूचे आहात."

आणि या सगळ्यात हिमानी म्हणाली, "मी नाही जाणार."

*

ती देव्हाऱ्याच्या बाजूला भिंतीला टेकून उभी होती. मघाची टाळी तिच्या हातातून केव्हाच गेली होती.

"आता काय झालं?" दिनानाथ म्हणाला. "आजोबा परवानगी देतायत की."

"आजोबा स्वतःची चूक लपवायला परवानगी देतायत. महिपतीआजोबा बरोबर आहेत, हे त्यांनाही माहीत आहे, मलाही. मी बुवांच्या जागी उभं राहून लोकांना काय सांगणार? देवावर विश्वास ठेवा? आणि मी स्वतः तिथे कशी पोचले, तर देव नको म्हणत असताना, घरच्यांनी उजवं-डावं फिरवलं म्हणून? पहिल्याच नमनाला मला शब्द फुटणार नाही."

"अगं, देव एवढं मनावर घेत नाही," यज्ञेश म्हणाला, आणि आपण कोणाच्या बाजूने बोललो हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

"तुम्हीच शिकवलंत ना मनावर घ्यायला? मला शाळा कुठली, कौल. सायन्स की कॉमर्स, कौल. लॅबमध्ये काचेच्या नळीतून थेंब सोडताना मी आख्यान म्हणते, बाबा. थेंब मोजायचे विसरते, पुन्हा पहिल्यापासून करते. मला दुसरं काही नकोच आहे." तिने डोळे पुसले. "पण त्याने नाही म्हटलंय. उद्या सही करते मी."

शशिकांतांना हवं होतं ते झालं होतं. त्यांनी नातीकडे पाहिलं आणि त्यांना ते नकोसं झालं. सगळ्या घरात देवावर खरा भरवसा असलेली एकच पोर निघाली होती, आणि ती त्याच्याच पायी बदलापूरला नळीतले थेंब मोजत बसणार होती.

तांदळाचं ताट सरकवल्याचा आवाज आला.

"महिपतीभाऊ," कुमुदिनीबाई म्हणाल्या, "एक विचारू?"

"विचारा वयनी."

"सत्त्याऐंशी साली एक कौल लावला होता. डावी पडली होती. माझ्या डाव्या हाताची."

शशिकांतांनी मान खाली घातली. बाकी कोणाला आठवत नव्हतं, त्यांना तारीखसुद्धा आठवत होती.

कुमुदिनीबाई तेव्हा कॅम्प तीनच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. तात्पुरत्या जागेवर. सिंधी व्यापाऱ्यांची, गिरणीतल्या कामगारांची, कोकणातून आलेल्यांची मुलं एका वर्गात, आणि त्यांना पाढे शिकवणारी ही बाई. चार वर्षांनी शाळेने कायम करतो म्हणून विचारलं. शशिकांतांनी पाकळ्या लावल्या. कुमुदिनीबाईंनी त्या दिवशी बांगड्या वाजू नयेत म्हणून हात पदरात धरले होते.

"तुमची डावी?" महिपतींनी काळा चष्मा हातात घेतला. खोटं बोलावं का, असं त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसलं. पण साठ वर्षांची सवय होती. "म्हंजे देवाची उजवी, वयनी. तो होय म्हणत होतो."

"हो ना," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "मला वाटलंच."

"कुमुद," शशिकांत म्हणाले. चारचौघांत त्यांनी बायकोला नावाने कधी हाक मारली नव्हती. "मला खरंच..."

"तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही मागे उभे असायचात. पुढे मोठी माणसं होती." त्या गुडघ्यावर हात रोवून उठल्या. "दिनूभावजी, तुमच्या गल्लीतला तो कटपीसवाला, माझ्या वर्गातला, अजून काय विचारतो हो?"

"रमेश? रोज विचारतो, टीचर कैसी हैं," दिनानाथ म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"एकोणतीस चोक सत्त्याऐंशी म्हणायचा तो. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी म्हटलं की रडायचा."

त्या देव्हाऱ्यापुढे आल्या. रवळनाथासमोर सकाळी ठेवलेली दुधाची वाटी तशीच होती, वर साय धरलेली.

"एकोणचाळीस वर्षं आपण याला विचारतोय आणि हा जे सांगेल त्याच्या बरोबर उलट वागतोय," त्या म्हणाल्या. बोलणं देवाशी होतं की घराशी, कळत नव्हतं. "हा रागावला का कधी? यज्ञेशचं कॉलेज चुकवलं, तरी पोरगा पास झाला. संजीवनीला नको म्हणाला होता, आणि ती आली तर घर तिनेच सांभाळलं. दिनूभावजींना याने पेन्शन दिली, ती नाकारून ते चाळीस माणसांना पोटाला लावून बसले. आणि हा रोज सकाळी आपला दूध घेऊन बसलेला. एखाद्याने तेव्हाच बोलणं टाकलं असतं."

"आई..." यज्ञेश म्हणाला.

"चुप." हा शब्द त्यांनी असा म्हटला की एकोणपन्नास वर्षांच्या यज्ञेशने सात वर्षांच्या मुलासारखी हाताची घडी घातली. "याला आपल्या हो-नाहीशी काही नव्हतंच. आपल्यालाच कोणावर तरी घालायचं होतं."

मग त्यांनी हात पुढे केला आणि देवाच्या खांद्यावरची दुसरी पाकळी दोन बोटांनी सरळ उचलली.

"वयनी!" महिपती ओरडले.

"अगं!" शशिकांत अर्धे उठले. देवाच्या अंगावरची कौलाची पाकळी कोणी हाताने काढल्याचं त्यांनी ऐकलंसुद्धा नव्हतं. दिनानाथसारखा माणूससुद्धा नकळत दोन पावलं मागे सरला, वरून काही कोसळलंच तर असावं म्हणून.

काही कोसळलं नाही. कुमुदिनीबाईंनी पाकळी ताम्हनात टाकली, पहिलीच्या शेजारी.

"आजी, हे देवाला फसवणं झालं," हिमानी पुटपुटली.

"फसवतात ते मागून. मी त्याच्या डोळ्यांदेखत केलंय." त्या वळल्या. "महिपतीभाऊ, दोन्ही पाकळ्या खाली आहेत. तुमच्या शास्त्रात काय म्हणतो देव?"

महिपतींनी देवाकडे पाहिलं. मग ताम्हनाकडे. मग आपल्या नव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून, साठ वर्षांत कोणी न विचारलेला प्रश्न विचारणाऱ्या या बाईकडे. शेवटी त्यांच्या मिशा हलल्या.

"दोनी खाली," ते म्हणाले, "म्हंजे देव म्हणता, तुमचा तुमी बघा."

"बघितलं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "हिमा, तुला कुठे जायचंय?"

"पुण्याला."

"मोठ्याने. पहिल्या बाकावरसुद्धा ऐकू आलं नाही."

"पुण्याला!"

पहिल्या बाकावर, म्हणजे सोफ्यावर, शशिकांत बसले होते. ते सवयीने खाकरले. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी चूक काढणार. पण ते उठले, देव्हाऱ्याशी आले, आणि कौल संपल्यावर ज्याचा प्रश्न असेल त्याच्या हाती पाकळी द्यायची म्हणून ताम्हनात वाकले. दोन पाकळ्या पाण्यात एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. यातली उजवी कुठली आणि डावी कुठली, आता काही केल्या कळेना.

त्यांनी दोन्ही उचलल्या. एक नातीच्या तळहातावर ठेवली. दुसरी घेऊन ते वळले आणि त्यांनी बायकोसमोर हात पुढे केला.